जितकं-तितकं डचमध्ये: क्रियापद कुठे बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. आइंडहोवनमध्ये राहणारे, बी१ (युरोपीय भाषा-पातळ्यांमधली मधली) पातळीच्या परीक्षेची तयारी करणारे एक मराठी गृहस्थ विचारतात: "मी जितकं जास्त शिकतो तितकं जास्त विसरतो, हे मी वहीत ‘हू मेर लेर इक, हू मेर फरखेत इक’ असं लिहिलं. बाईंनी पहिला अर्धा भाग लाल केला आणि दुसरा ‘देस ते मेर फरखेत इक’ असा बदलून दिला. ऑफिसातला डच सहकारी म्हणतो, आम्ही तर ‘हू मेर इक फरखेत’ म्हणतो. मग बरोबर कोण? ‘नारमाते’ (जसजसं) कधी वापरायचं? आणि दुप्पट महाग म्हणताना ‘त्वे केर द्यूर्दर’ लिहिलं की लोक नाक का मुरडतात?"

बाईही बरोबर आणि सहकारीही बरोबर. इतकंच काय, तुमचा दुसरा अर्धा भागही लोकांच्या तोंडी ऐकू येतो. चुकला तो फक्त पहिला अर्धा, आणि तो मात्र खरोखर चुकला. गंमत अशी की तिथेच मराठी माणसाने चुकायला नको होतं.

गेली बरीच वर्षं मी मराठी मंडळींना डच शिकवते. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपण डच वाक्य इंग्रजीच्या पुलावरून आणतो. मनात मराठी, मग इंग्रजी, मग डच. बऱ्याच ठिकाणी हा पूल उपयोगी पडतो, पण ‘जितकं-तितकं’च्या वाक्यात तो वळसा आहे. इथे डच आणि मराठी अगदी भिंतीला भिंत लावून राहतात.

हे वाक्य घ्या: ‘हू लांगर इक नेदरलांत्स स्प्रेक’. ‘हू लांगर’ म्हणजे जितका जास्त काळ, ‘इक’ म्हणजे मी, ‘नेदरलांत्स’ म्हणजे डच, ‘स्प्रेक’ म्हणजे बोलतो. जितका जास्त काळ मी डच बोलतो. शब्दाखाली शब्द ठेवत जा, एकही इकडचा तिकडे करावा लागत नाही. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. डच गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा शेवटीच असतं. इंग्रजीवरून आलेला माणूस ‘हू लांगर इक स्प्रेक नेदरलांत्स’ लिहितो, कारण तिथे कर्म क्रियापदाच्या मागे येतं. ‘मी शिकतो’सारख्या दोन शब्दांच्या वाक्यात ही चूक लपून राहते. कर्म आलं की उघडी पडते.

एक सूट सांगून ठेवते, नाहीतर उद्या तुम्ही शेजारणीचं वाक्य दुरुस्त करायला जाल. ‘कोणाशी’, ‘कशाबद्दल’ अशा अर्थाचे शब्दयोगी गट क्रियापदाच्या नंतर आले तरी चालतात. ‘हू फाकर इक मेत दे ब्यूरफ्राउ प्रात’ आणि ‘हू फाकर इक प्रात मेत दे ब्यूरफ्राउ’, दोन्ही ठीक. आपणही बोलताना ‘जितकं जास्त बोलतो मी तिच्याशी’ म्हणतोच. नुसतं कर्म मात्र असं मागे सरकत नाही.

आता तुमचं ‘हू मेर लेर इक’. ‘हू’ हा मुळात प्रश्नाचा शब्द आहे: कसं, किती. ‘हू आउत बेन ये?’ म्हणजे तू किती वर्षांचा? इथे क्रियापद ‘बेन’ कर्त्याच्या, म्हणजे ‘ये’च्या आधी आलंय, कारण हा सरळ प्रश्न आहे. ‘तू किती वर्षांचा आहेस ते मला माहीत नाही’ म्हणायचं तर ‘हू आउत ये बेन्त’ होतं, क्रियापद शेवटी. म्हणजे ‘हू’च्या मागोमाग क्रियापद आलं की डच कानाला प्रश्न सुरू झाल्यासारखं वाटतं. तुम्ही ‘हू मेर लेर इक’ म्हणालात की समोरचा क्षणभर विचारात पडतो, हा मला काय विचारतोय? म्हणून पहिल्या अर्ध्यात उलटापालट नाहीच. ‘हू मेर इक लेर’. हा भाग कधीही बदलत नाही, दुसऱ्या अर्ध्यात काहीही आलं तरी.

मराठी शिक्षकांच्या भाषेत सांगायचं तर पहिला अर्धा हा ‘ज’चा आणि दुसरा ‘त’चा. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जितका-तितका. आपल्याला ही जोडी लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. डचमध्ये ‘हू … देस ते …’ ही नेमकी तीच जोडी आहे: ‘हू’ म्हणजे जितका, ‘देस ते’ म्हणजे तितका. ‘हू … हू …’ ही जोडी मात्र आपल्याला जरा विचित्र वाटते, कारण ‘जितकं-जितकं’ म्हटल्यासारखं होतं, आणि मराठीत तसं म्हटलं तर ऐकणारा ‘तितकं’ कधी येतंय याची वाट बघत बसेल. डच माणसाला त्याचं काही वाटत नाही. रोजच्या बोलण्यात ‘हू … हू …’च जास्त ऐकू येतं. ‘देस ते’ थोडं लेखी, थोडं टापटिपीचं.

दुसऱ्या अर्ध्याचा क्रम या निवडीवर अवलंबून आहे. ‘हू’ घेतलंत तर दुसरा अर्धाही पहिल्यासारखाच ठेवा, क्रियापद शेवटी: ‘हू मेर इक लेर, हू मेर इक फरखेत’. तुमच्या सहकाऱ्याचं हेच रूप. ‘देस ते’ घेतलंत तर क्रियापद उडी मारून कर्त्याच्या आधी येतं: ‘देस ते मेर फरखेत इक’. हे बाईंचं. ‘हू’नंतर उलटा क्रम, म्हणजे तुमचा ‘हू मेर फरखेत इक’, हाही चालतो. ‘देस ते’नंतर न उलटलेला क्रमही छापील मजकुरात भेटेल. कोणी असं लिहिलं तर चूक म्हणून खोडू नका. पण शिकताना चारही वाटा एकदम धरल्या की परीक्षेच्या खोलीत पाय अडखळतात. मी विद्यार्थ्यांना दोनच देते: ‘हू’ असेल तर मराठीसारखं, ‘देस ते’ असेल तर उडी.

ही उडी का? डच मुख्यवाक्याचा कणा असा की क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं. पहिल्या खुर्चीवर कोणीही बसो, कर्ता, ‘आज’, ‘पुण्यात’, दुसरी खुर्ची क्रियापदाची राखीव. ‘देस ते मेर’ हा गट मुख्यवाक्याच्या पहिल्या खुर्चीवर बसतो, मग क्रियापद आणि मग बिचारा कर्ता. आणि त्याआधीचा ‘हू’वाला अख्खा तुकडा? तो दाराबाहेर उभा आहे, खुर्च्यांच्या मोजणीत धरायचाच नाही. अनेकजण इथे गोंधळतात. त्यांना वाटतं की ‘हू’चा तुकडा ही पहिली खुर्ची, म्हणून स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद हवं, आणि मग ‘हू मेर इक लेर, फरखेत इक मेर’ असं काहीतरी तयार होतं. ते चालत नाही.

‘हू’वाल्या जोडीचा क्रम लक्षात ठेवायला डच लोकांनीच एक सोय करून ठेवली आहे. दोर्द्रेख्त हे दक्षिण हॉलंडमधलं जुनं शहर, बोलीभाषेत ‘दोर्त’. त्याच्यावरची एक खोडकर म्हण आहे:

हू दिख्तर बै दोर्त,
हू रोतर हेत वोर्त.

जितकं दोर्तच्या जवळ, तितकं अधिक सडकं. दोर्तच्या लोकांची क्षमा मागून सांगते, व्याकरणासाठी याहून चांगली म्हण मिळणार नाही. ‘वोर्त’ (होतं) हे क्रियापद शेवटी आहे म्हणून तर ‘दोर्त’शी यमक जुळतं. ‘हू रोतर वोर्त हेत’ म्हणून बघा, यमकाचा चुराडा. क्रम आठवेनासा झाला की ही म्हण मनात म्हणा.

इथे पुण्याहून आलेल्यांसाठी एक सूचना. शाळेत किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन केलेले लोक डचच्या वर्गात निम्मा रस्ता आधीच चालून आलेले असतात, आणि याच ठिकाणी घसरतात. जर्मनमध्ये जोडी ‘ये … देस्तो …’ अशी आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात उडी ठरलेली. ‘देस्तो’ आणि ‘देस ते’ ही भावंडंच आहेत, त्यामुळे तो भाग सुखाने जमतो. पण पहिल्या अर्ध्यात सवयीने ‘ये मेर’ तोंडातून निघतं, आणि डचमध्ये ‘ये’ म्हणजे ‘तू’. जितकं जास्त म्हणायला गेलात आणि ‘तू जास्त’ म्हणून बसलात! उच्चार बराच जवळचा, त्यामुळे बोलणाऱ्याला चूक कळतही नाही.

‘देस ते’मधलं ‘देस’ हे जुन्या षष्ठीचं उरलेलं हाड. आजच्या डचमध्ये विभक्ती जवळपास गळून गेल्यात, पण असे तुकडे इकडेतिकडे सापडतात. हेग शहराचं औपचारिक नाव ‘स-ख्रावनहाखे’. त्याच्या सुरुवातीचा तो एकटा ‘स’ म्हणजे झिजलेला ‘देस’: सरदाराची राई. म्हणून ‘देस ते’ फोडून समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, एकच शब्द समजा. तो एकटाही येतो. कोणी म्हणालं, पाहुणे लवकर येतायत, तर ‘देस ते बेतर!’ म्हणजे मग तर उत्तमच.

आता उडीचे परिणाम. खरं शिकण्यासारखं सगळं इथेच आहे.

डचमध्ये काही क्रियापदं जोडाची असतात: ‘ओपस्तान’ म्हणजे उठणं, त्यात ‘ओप’ हा तुटणारा तुकडा. क्रियापद शेवटी असेल तर दोन्ही तुकडे एकत्र राहतात, पुढे उडी मारली तर ‘ओप’ मागे राहून जातो. थंडीच्या दिवसांतलं माझं स्वतःचं वाक्य:

हू काउदर हेत वोर्त, हू लातर इक ओपस्ता.
हू काउदर हेत वोर्त, देस ते लातर स्ता इक ओप.

जितकी थंडी वाढते, तितकी मी उशिरा उठते. अर्थ एकच. पहिल्यात ‘ओपस्ता’ अखंड, दुसऱ्यात ‘स्ता’ पुढे आणि ‘ओप’ वाक्याच्या टोकाला. तुटणारी क्रियापदं नीट येत नसतील तर ‘हू … हू …’ वापरा, जोड तोडावाच लागत नाही. पळवाट आहे, पण डच लोकही तीच वापरतात.

दुसरा परिणाम ‘ये’बरोबर दिसतो. ‘तू’ कर्ता असताना क्रियापदाला शेवटी ‘त’ लागतो: ‘ये फीत्स्त’, तू सायकल चालवतोस. पण ‘ये’च्या आधी क्रियापद आलं की तो ‘त’ गळतो: ‘फीत्स ये’. म्हणून:

हू हार्दर हेत वाय्त, हू लांगझामर ये फीत्स्त.
हू हार्दर हेत वाय्त, देस ते लांगझामर फीत्स ये.

जितका वारा जोरात, तितकी तुझी सायकल हळू. नेदरलँड्समध्ये एखादा नोव्हेंबर महिना काढलेल्या कोणालाही हे वाक्य पाठ करावं लागत नाही. इथे ‘त’चा फरक कानाला कळतो. पण ‘वोर्त’मध्ये कळत नाही, कारण धातूच्या शेवटचा ‘द’ उच्चारात आधीच ‘त’ झालेला असतो. लिहिताना मात्र ‘ये वोर्त’च्या शेवटी ‘द’ आणि ‘त’ ही दोन्ही अक्षरं हवीत, आणि ‘वोर्त ये’ला फक्त ‘द’. डच शाळांत याला ‘दे-ते-फाउत’ म्हणतात, दे-ते चूक. मूळ डच मंडळीही ती सर्रास करतात आणि एकमेकांना त्यावरून टोमणे मारतात. आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घासारखीच ही जखम समजा. तेव्हा ‘हू’वरून ‘देस ते’कडे वाक्य फिरवलंत की क्रियापदाचं शेपूट तपासा.

सहायक क्रियापद असेल तर शेवटी दोन क्रियापदं जमतात. जितक्या जास्त वेळा तू सराव केला असशील: ‘हू फाकर ये खेऊफन्त हेप्त’ किंवा ‘हू फाकर ये हेप्त खेऊफन्त’. दोन्ही बरोबर. डच भाषाशास्त्रात या दोन क्रमांना हिरवा आणि लाल अशी नावं आहेत, बोलींच्या नकाशावर दाखवलेल्या रंगांवरून आलेली. मुख्य क्रियापद आधी तो हिरवा, सहायक आधी तो लाल. ‘केला असशील’ या आपल्या क्रमाशी हिरवा जुळतो, तो घ्या. यावर जास्त वेळ घालवू नका.

‘हू’च्या लगेच पुढे काय बसतं, यावर मात्र वेळ घालवा. नियम एवढाच: तुलनेचं रूप ‘हू’ला चिकटून यायलाच हवं. मधे काही नाही. ‘मेर’बरोबर नाम असेल तर तेही सोबत पुढे येतं. ‘हू मेर कोफी इक द्रिंक, हू स्लेख्तर इक स्लाप’. जितकी जास्त कॉफी मी पितो, तितकी वाईट झोप लागते. ‘जितकी जास्त कॉफी’ हे तीन शब्द आपण मराठीतही एकत्रच ठेवतो, त्यामुळे इथे कानाचं ऐकलं की पुरे.

दोन ठिकाणी मात्र मराठी दगा देते. पहिलं म्हणजे मराठीत विशेषणाला तुलनेचं वेगळं रूपच नाही. आपण ‘जास्त चांगलं’, ‘जास्त मोठं’ म्हणतो आणि त्याचं सरळ भाषांतर ‘मेर खूत’, ‘मेर ख्रोत’ होतं. डचमध्ये शब्दालाच ‘अर’ लागतो: ‘ख्रोत’चं ‘ख्रोतर’. शेवटी ‘र’ असेल तर मधे ‘द’ घुसतो: ‘द्यूर’चं ‘द्यूर्दर’, ‘लेकर’चं ‘लेकरदर’. चार नाठाळ आहेत, ती पाठच करायची: ‘खूत-बेतर’, ‘फेल-मेर’, ‘वेनिख-मिन्दर’, आणि ‘ख्राख-लीवर’ (आवडीने, अधिक आवडीने). मी नवखी असताना बाजारात चीजच्या गाड्यावर ‘मेर बेतर’ असं दुहेरी पक्वान्न वाढलं होतं. गाडीवाला सज्जन होता, हसला आणि एक तुकडा जास्त दिला. म्हणजे अर्थ पोचला म्हणायचा.

दुसरं ठिकाण सहज दिसत नाही. मराठीत ‘जितकं मोठं घर तुमच्याकडे असेल’ असं विशेषण-नाम जोडीने म्हणता येतं. डचमध्ये ‘हू ख्रोतर हाउस ये हेप्त’ कानाला खटकतं. विशेषण नामापासून सोडवून विधेयात टाकायचं: ‘हू ख्रोतर ये हाउस इस’, जितकं तुझं घर मोठं आहे. ‘मेर’ आणि ‘मिन्दर’ नामाला घेऊन फिरतात, इतर विशेषणांना तो मान नाही.

‘इस’ हे क्रियापद तर अनेकदा गाळूनच टाकतात: ‘हू ख्रोतर हेत हाउस, हू होखर दे स्तोककोस्तन’. जितकं मोठं घर, तितका तापवण्याचा खर्च जास्त. आपणही इथे ‘आहे’ खातो. आणखी कातरून ‘हू एर्दर, हू बेतर’ उरतं, जितकं लवकर तितकं बरं. म्हणी सगळ्या अशाच घडणीच्या. ‘हू मेर झीलन, हू मेर फ्रोख्त’, जितके जास्त जीव तितका जास्त आनंद, हे आगंतुक पाहुण्याला आत घेताना म्हणतात. ‘हू कालर, हू रोयालर’ म्हणजे खिसा जितका रिकामा तितका हात सैल. ही माझी आवडती, कारण आमच्या गावात असे दोघे-तिघे होते.

माणसं मोजायची असतील तर ‘एर’ विसरू नका: ‘हू मेर मेन्सन एर कोमन, हू खेझेलिखर हेत वोर्त’. जितके जास्त लोक येतील तितकी मजा. हा ‘एर’ मराठीत नाही, इंग्रजीतही या वाक्यात नाही, म्हणून हमखास सुटतो. अनिश्चित कर्ता असला की त्याच्या मागे तो हवा.

आता ‘नारमाते’. मराठीत ‘जितका-तितका’ आणि ‘जसजसा-तसतसा’ यांत जो फरक आहे, साधारण तोच ‘हू’ आणि ‘नारमाते’त आहे. कॉफी आणि झोप ही दोन मापांची तुलना, तिथे जितका-तितका. वय वाढत जातं तसतशी झोप कमी होते, ही काळाबरोबर सरकणारी गोष्ट, तिथे ‘नारमाते’ शोभतं: ‘नारमाते ये आउदर वोर्त, स्लाप ये मिन्दर’. इथे रचना वेगळी आहे, हे बघा. ‘नारमाते’ साधं उभयान्वयी अव्यय आहे, तुलनेचं रूप त्याला चिकटावं लागत नाही. आणि त्याचा पूर्ण तुकडा आता दाराबाहेर नाही, पहिल्या खुर्चीवरच बसलाय. म्हणून स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद ‘स्लाप’. दुसऱ्या अर्ध्यात ‘हू’ किंवा ‘देस ते’ घालण्याची गरज नाही. मुख्यवाक्य आधी ठेवायचं असेल तर ‘नारमाते’ फार सोयीचं: ‘ये स्लाप्त मिन्दर नारमाते ये आउदर वोर्त’. बातम्यांत, अहवालांत, परीक्षेच्या निबंधात हा शब्द चांगला दिसतो. चहाच्या टेबलावर ‘हू’ पुरे.

आणि ‘दिवसेंदिवस अधिक’ म्हणायचं असेल, दुसरं माप नसेलच, तर ‘स्तेत्स’: ‘दे त्रैन वोर्त स्तेत्स फोलर’, गाडी दिवसेंदिवस जास्त भरत चाललीय. याच अर्थी ‘हू लांगर हू’ असाही एक गोठलेला तुकडा आहे: ‘दे त्रैन वोर्त हू लांगर हू फोलर’. दोन ‘हू’ दिसतात म्हणून क्रियापद शेवटी ढकलायला जाऊ नका. हे साधं मुख्यवाक्य आहे, क्रियापद दुसऱ्या खुर्चीवरच. इंग्रजीच्या सवयीने ‘बेतर एन बेतर’ म्हणतात, त्यापेक्षा ‘स्तेत्स बेतर’ म्हणा.

बी१चा अभ्यास करताय म्हणून एक व्यवहाराचं. बाहेरून येऊन नेदरलँड्समध्ये स्थायिक होणाऱ्यांसाठीच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नागरिकीकरणाच्या कायद्याने अपेक्षित पातळी ए२ वरून बी१ वर नेली. ए२ला दोन छोटी वाक्यं शेजारी ठेवून भागतं. बी१ला मात्र ती एकमेकांत गुंफता येतात का, हे बघतात. ‘हू … हू …’चं एक बिनचूक वाक्य आणि ‘नारमाते’चं एक, एवढं पत्रात नीट बसलं तर वाचणाऱ्याला गुंफण दिसते. तिथे ‘देस ते’चा सोस करू नका, जमत असेल तरच.

शेवटी पटीचा प्रश्न. दुप्पट महाग म्हणजे ‘त्वे केर झो द्यूर आल्स’, शब्दशः ‘दोनदा तितकं महाग’. ‘त्वे केर द्यूर्दर दान’ लोक भरपूर वापरतात, पण काटेकोर वाचक म्हणतो, दहा युरोची वस्तू ‘दोन पटीने अधिक महाग’ झाली म्हणजे दहा अधिक वीस, तीस झाली की वीस? भाडेकरार, हिशेब, तक्रारीचं पत्र, अशा ठिकाणी ‘झो … आल्स’च लिहा, वादाला जागा राहत नाही. ‘आल्स’ आणि ‘दान’ यांची वाटणी सोपी आहे: समानता किंवा पट असेल तर ‘आल्स’ (‘एवन द्यूर आल्स’, तितकंच महाग), तुलनेचं ‘अर’ रूप असेल तर ‘दान’. रस्त्यावर ‘ख्रोतर आल्स’ कानी पडेल, आणि ते ऐकून दात खाणारा एक तरी डच माणूस जवळपास असेल.

गाडीबद्दल कोणी ‘एन ओप फैफतीन’ म्हणालं तर गोंधळू नका. एकावर पंधरा, म्हणजे एका लिटरमध्ये पंधरा किलोमीटर. आपण ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ विचारतो, त्याचं हे उत्तर. माणसांचं प्रमाण सांगताना मात्र मधे ‘दे’ येतो: ‘एन ओप दे द्री’, तिघांत एक, आणि पुढचं क्रियापद सहसा एकवचनी.

दीडपट म्हणजे ‘आन्दरहाल्फ केर झो’. या शब्दापाशी मी वर्गात नेहमी थांबते. ‘आन्दर’चा जुना अर्थ ‘दुसरा’, ‘हाल्फ’ म्हणजे अर्धा. एक पूर्ण आणि दुसरा अर्धा, म्हणून दीड. आपला ‘दीड’ही संस्कृत ‘द्व्यर्ध’वरून आलाय, त्यातही दुसरा आणि अर्धाच आहेत. आणि ‘अडीच’ आला ‘अर्धतृतीय’वरून, तिसरा अर्धा. डच घड्याळ अजून याच पद्धतीने चालतं: ‘हाल्फ द्री’, तिनातला अर्धा, म्हणजे अडीच. आपण तीनपासून पुढे ‘साडे’कडे वळलो आणि ‘साडेतीन’ म्हणायला लागलो. ते मात्र सगळे तास जुन्याच रीतीने मोजतात.

हे मला कळलं एका जेवणाच्या आमंत्रणामुळे. शेजाऱ्यांनी ‘हाल्फ झेवन’ला बोलावलं होतं. मी सात आणि अर्धा असा हिशेब केला आणि साडेसातला पुरणपोळीचा डबा घेऊन दारात उभी राहिले. ते साडेसहापासून वाट बघत होते, सूप दोनदा गरम करून झालं होतं. आजोबांनी दार उघडलं आणि म्हणाले, ‘हू लातर ओप दे आवोन्त, हू स्खोनर फोल्क!’ उशिरा येणाऱ्या पाहुण्याला म्हणायची ही म्हण, रात्र जितकी चढेल तितकी माणसं देखणी. मला ‘स्खोन’चा एकच अर्थ माहीत होता, स्वच्छ. नेदरलँड्समध्ये रोजच्या वापरात तोच उरलाय, ‘सुंदर’ हा जुना अर्थ बेल्जियमकडे अजून जिवंत आहे. मी घाईघाईने सांगितलं, हो, आत्ताच अंघोळ करून आलेय.